जीपमधली पोथी

नर्मदाबाईचा नवस साधा होता. तिचे मालक मुंजाजी दवाखान्यातल्या खाटेवर पडले होते, छातीचा भाता झाला होता, थुंकीत रक्त यायचं. तेव्हा तिनं पदर पसरून देवाला सांगितलं, हे जगू देत. घरातल्या पोथीचा रोज एक अध्याय मी वाचीन आणि हे समोर बसून ऐकतील. सोनंनाणं काही बोलली नाही, अनवाणी कुठं जायचं कबूल केलं नाही. देवाला परवडावं आणि आपल्याला झेपावं, एवढंच मागणं.

देवानं ऐकलं. रोजच्या सुयांनी खोकला हटला, रक्त थांबलं, अंगावर मांस धरलं. आणि त्याच सुयांनी मुंजाजींचे कान नेले. आधी तिच्या बांगड्यांचा आवाज गेला, मग तिचाच आवाज गेला. तो मुळात हळू. मग भाकरी थापल्याचा गेला आणि शेवटी त्यांच्या स्वतःच्या जीपचा हॉर्न गेला. डॉक्टर म्हणाले, एखाद्याचं होतं असं, जीव वाचला हे मोठं. नर्मदाबाईनं मान हलवली. रडू येईल म्हणून तिनं पदराचं टोक हातात धरून ठेवलं होतं. रडू आलं नाही. आतून कुणी सारवून घ्यावं तसं सगळं सपाट झालं होतं; त्यावर पाऊल उमटत नव्हतं.

पाथरीला परतल्यावर तिनं व्रत सुरू केलं. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, समई लावायची, आजेसासूपासून चालत आलेली पोथी लाल फडक्यातून सोडायची. समोर पाटावर मुंजाजी. ती वाचायची, ते तिच्या ओठांकडे बघत बसायचे. अक्षरओळख त्यांना जीपवरच्या पाटीपुरती, त्यामुळं पोथी त्यांच्या हातात देऊन भागणार नव्हतं. वाचता वाचता ती घोट गिळायला थांबली की ते हात जोडून उठायला लागायचे. अध्याय संपला असं त्यांना वाटायचं. मग ती हातानं खुणावायची, बसा, अजून आहे. ते शरमून पुन्हा बसायचे.

शेजारची कडूबाई एकदा वाटीभर ताक मागायला आली आणि चौकटीला टेकून बघत राहिली.

"नर्मदाबाई, भिंतीला वाचून दाखवायलीस की गं."

"भिंत नाही, मालक आहेत."

"ते दिसायलेत मला. पण जातंय का कुठं आत? मी येऊन बसू का रोज? पुण्य तर पुण्य, माझे गुडघेबी तेवढेच टेकतील."

"तुमी बसलात तर मला बरंच वाटंल. पण नवस बोलताना मी ह्यांचं नाव घेतलंय, कडूबाई. ऐकणारे हेच पाहिजेत."

देवळातल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, भाव असला की पोचतं. नर्मदाबाईला ते पटलं नाही. भाव तर तिच्याकडेच उरला नव्हता. तोंड वाचत होतं, बोट ओळीवरून सरकत होतं. आता ऐकणाराही नसेल, तर नवस फेडला कुणी आणि कसला? ती रोज वाचत होती आणि रोज तिच्या डोक्यावरचं देणं तसंच राहत होतं.

जीप अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. पाथरी-मानवत-परभणी ती मुंजाजींनी वर्षानुवर्षं हाकली. कान गेल्यावर एकदा मागून यष्टी हॉर्न वाजवत आली आणि यांना कळलंच नाही. गाड्या घासता घासता राहिल्या. त्या दिवशी त्यांनी आपणहून चावी खुंटीला अडकवली. तरी सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून ते गाडी चालू करायचे आणि पायाच्या तळव्यांनी इंजिन तपासत बसायचे.

आजारपणाच्या जरा आधी त्यांनी हैदराबादहून मोठ्या हौसेनं दोन वूफर, जाड आवाजाचे स्पीकर, आणले होते. परातीएवढे काळे पडदे, मागं हे वजनदार लोहचुंबक. गाण्याची जीप म्हटली की पाथरीच्या स्टँडवर पाशिंजर आधी त्यात चढायचे. लाकडी खोकी करून ते मागच्या बाकांखाली बसवून घेतले, पण वायर जोडायच्या आत खोकला लागला. तेव्हापासून ते तसेच मुके पडून होते.

थंडी पडायला लागली त्या सुमाराला तात्याराव आले. स्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. जयंतीला, सभांना त्यांचाच माइक. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल अजून लागायचा होता आणि मोर्चा निघाला की तात्यारावांचा भोंगा लागायचा मुंजाजींच्या जीपवर. त्यावरून मुंजाजींना भावकीत बोलणी खावी लागली होती. भावकीला ते म्हणाले होते, भाडं आहे, मला देवाच्या पालखीचंबी तेवढंच मिळतं. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं नव्हतं, पण दोघांचा चहा चालू राहिला.

मुंजाजींनी तात्यारावांना हाताला धरून जीपपाशी नेलं आणि बाकाखाली बोट दाखवलं.

"जोड," ते म्हणाले. ऐकू येत नसल्यानं आता ते फार मोठ्यानं बोलायचे.

तात्यारावांनी नर्मदाबाईकडं पाहिलं.

"जोड की. मला नाही तर लिंबाला ऐकू येईल."

"वहिनी, हे वूफरचं काम मी कधी केलेलं न्हाई बरं का," तात्याराव म्हणाले. "भोंगे लावले, रेडिओ खोलले. ह्ये नवीनच हाय. पण बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर आणला; त्याला ते बुस्टर म्हणायचे. त्याला पुढं माइकची जागा, मागं वायर आवळायच्या खुंट्या. एका खुंटीवर चार लिहिलेलं, दुसरीवर आठ. वूफरच्या पाठीवरही चारचाच आकडा. चार आणि चार जुळले म्हणून तात्याराव खूश झाले. दोन्ही वूफरच्या तारा एकत्र पिळून त्यांनी चारच्या खुंटीला बांधल्या आणि टेपवर कॅसेट लावली.

मुंजाजी बाकावर बसले होते. त्यांनी एकदम खाली पाहिलं, मग हात खोक्यावर ठेवला.

"वाजायलंय," ते म्हणाले. "तात्या, ढोलकं हाय ना ह्यात? हे बघ, आता थांबलं. आता आलं."

नर्मदाबाई अंगणात धान्य पाखडत होती. सूप तिच्या हातात थांबलं. यांना आत काहीतरी पोचलं होतं. गाणं कोणतं, हे तिला ऐकू येत असूनही कळलं नाही. ती यांच्या हाताकडे बघत होती.

तेवढ्यात फ्यूज उडाला. जीपमध्ये मुंजाजींची जुनी सवय: फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तिथं बसवायची. त्यांनी तशी बसवली. गाणं पुन्हा सुरू झालं. तात्याराव चहाला ओट्यावर आले. थोड्या वेळानं नर्मदाबाईला वास आला, करपलेल्या मेणासारखा. ती जीपपाशी गेली आणि बुस्टरच्या पाठीला हात लावला तर बोटं भाजली. तिनं हात काढून घेतला, पण चटका तिला उशिरा जाणवला, दुसऱ्या कुणाच्या बोटांना बसल्यासारखा.

"तात्याराव, तव्यासारखं झालंय हे."

तात्यारावांनी धावत येऊन बॅटरीची तार ओढली. चांदी काळी झाली होती, खालच्या तारेचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं. अजून जरा वेळ गेला असता तर सीटनं पेट घेतला असता. त्यांनी मुंजाजींना ती तार दाखवली. मुंजाजींनी कपाळाला हात लावला.

"वहिनी, चूक माझी हाय. फ्यूज उडाला तेव्हाच त्यानं सांगितलं होतं, थांबा म्हणून. आमी त्याचं तोंडच बांधलं."

"पण चारला चारच लावलं होतं ना?"

"एकेकाचे चार. दोन शेजारी शेजारी जोडले की चार राहत न्हाईत, निम्मे होतेत. दोनच होतेत. हा आकडा म्हंजी करंटला अडवणारं; ते कमी पडलं की बुस्टरमधून करंट जास्ती ओढला जातो, मग ते तापतं." समजावताना ते स्वतःलाही समजावत होते. "कसं सांगू तुमाला..."

नर्मदाबाईनं भाजलेली बोटं पदरात धरली.

"निरांजनात एक वात असली की तूप पुरतं," ती म्हणाली. "दोन घातल्या की दोन्ही शेजारी शेजारी ओढतात. उजेड जास्त, पण तूप लवकर संपतं आणि निरांजन तापतं. तसंच का?"

तात्यारावांनी मान वर केली. "अगदी तसंच. मग आता एकीच्या शेवटाला दुसरी बांधायची. एकच लांब वात. चार आणि चार आठ. आठच्या खुंटीला लावायचं. आवाज कमी पडंल, पण जळायचं न्हाई."

"कमी पडू द्या."

ते दोघं आता नवशिक्यांसारखे, न लाजता कामाला लागले. तात्यारावांनी दुकानातून जाड तार आणली आणि खरा फ्यूज आणला, बुस्टरच्या अंगावर लिहिलेल्या आकड्याचा. तो त्यांनी बॅटरीच्या अगदी जवळ बसवला, म्हणजे पुढं तार कुठं घासली तरी आधी तोच उडावा. मग त्यांनी टॉर्चमधला सेल काढला. वूफरच्या दोन टोकांना सेल टेकवला की पडदा फट्‌कन पुढं यायचा, उलटा टेकवला की आत जायचा. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढं आले पाहिजेत, ते म्हणाले, नाहीतर एक ढकलणार आणि दुसरा ओढणार, हाताला काहीच लागणार नाही. कोणतं टोक कोणतं ते लक्षात राहावं म्हणून नर्मदाबाईनं करंडा आणला आणि ज्या टोकाला सेलची टोपी लावली की पडदा पुढं यायचा, त्या टोकापाशी कुंकवाचं बोट टेकवलं.

"झाली तुमची पूजा," तात्याराव हसून म्हणाले. "आमी लाल टेप लावतो."

"टेप निघून येते."

"कुंकूबी पुसलं जातं, वहिनी."

"रोज लावीन."

एका वूफरचं कुंकवाचं टोक दुसऱ्याच्या बिनकुंकवाच्या टोकाला जोडलं, उरलेली दोन बुस्टरला. आवाजाचं बटण पार खाली ठेवून मग हळूहळू वर. दर गाण्यानंतर तात्याराव पाठीला हात लावून बघायचे. कोमट. अख्खी कॅसेट संपली तरी कोमटच. मुंजाजींचा हात खोक्यावरून हलला नव्हता.

संध्याकाळी नर्मदाबाईनं जीपचं मागचं फाळकं पाडलं. शेणानं सारवता येईना, म्हणून तिनं लोखंड ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं आणि कडेनं रांगोळीची रेघ ओढली. एका बाकावर ती, समोरच्या बाकावर मुंजाजी, मध्ये लाकडी चौरंग आणि त्यावर पोथी. तात्यारावांनी माइक तिच्या तोंडापाशी धरला. त्यांनी आधी आपणच बोलून पाहिलं, "हॅलो, हॅलो." मुंजाजींचा चेहरा उजळला.

"हा तात्या हाय," ते म्हणाले. "मला कळतंय. जाड्या, तूच हायस."

मग नर्मदाबाईनं पहिली ओवी वाचली. लिंबावरचे कावळे उडाले, पलीकडच्या वाड्यातून कुणी डोकावलं. मुंजाजी हात तसाच ठेवून वाट बघत राहिले.

"वाच की," ते म्हणाले.

तात्यारावांनी जाड आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. तिनं पुन्हा वाचलं. मुंजाजींनी दोन्ही तळवे खोक्यावर दाबले, मग खाली वाकून कपाळ टेकलं, मग मान हलवली. मुंगी चालल्यासारखं काहीतरी येतंय, म्हणाले, पण कळत नाही.

"वहिनी, ह्येला जाडा आवाज लागतो," तात्याराव खाली बघत म्हणाले. "तुमचा आवाज बारीक. त्यात तुमी बोलता हळू. आवाज लिंबाला ऐकू जायलाय, पण वूफरला धरता येईना."

अख्खा दिवस यात गेला होता. तिला वाटलं, आता तरी काही फुटेल आत. काही फुटलं नाही. ती पोथीकडं बघत राहिली आणि मग अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाली,

"तुमी वाचाल का, तात्याराव? तुमचा आवाज पोचतो त्यांना. मी शेजारी बसून मनात वाचीन."

तात्याराव माइकची तार बोटाला गुंडाळत राहिले.

"वहिनी, मुंजाजीसाठी मी रक्त दिलं असतं. पण ही पोथी मी वाचू शकत न्हाई. आमीबी वचन घेतलेलं हाय, बाबासाहेबांपुढं हात जोडून. माझ्या बापानं घेतलं, मी घेतलं. त्या वचनासाठी गावातलं घर जळताना बघितलंय आमी अठ्ठ्याहत्तर साली. ते मोडता येत न्हाई मला."

नर्मदाबाईला राग आला नाही. उलट ती जरा ओशाळली. एकादशीला कुणी भाताचं ताट पुढं केलं तर आपण काय म्हणतो, तेच हे म्हणाले होते आणि किती हळू म्हणाले.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मोडू नका."

"तुमाला राग?"

"नाही. व्रत आहे ते."

तिनं माइक त्यांच्या हातातून घेतला आणि चौरंगावर ठेवला. जरा जोरातच टेकला. ठप्प झालं आणि मुंजाजी दचकले.

"हे आलं," ते म्हणाले. "हे काय होतं?"

तिनं माइककडं पाहिलं. मग मुठीच्या मधल्या सांध्यानं चौरंगावर एक टकोर दिली. वूफरचा पडदा पुढं आला. मुंजाजींनी मान हलवली. पुन्हा एक. पुन्हा मान.

"चौरंग बोलायलाय," तात्याराव म्हणाले. त्यांनी माइक फडक्याच्या घडीवर नीट बसवला, आवाज जरा उतरवला आणि ते फाळक्यावरून खाली उतरून लिंबाखाली बिडी पेटवायला गेले.

मुंजाजी विचारात पडले होते. "अगं," ते मोठ्यानं म्हणाले, "आई वाचायची तेव्हा मी तिच्या मांडीवर असायचो. मला ती सगळी पाठ हाय, वाचता येत नसली तरी. फक्त तू कुठवर आलीस ते मला कळत न्हाई, म्हणून मी चुकतो. तू कितवा अध्याय ते बोटांनी सांग. आणि ओवी संपली की एक मार. मी मनात म्हणत तुझ्यासंगं येतो."

नर्मदाबाईनं बोटं दाखवली. सातवा. त्यांनी डोळे मिटले.

ती वाचू लागली. ओवी संपली की टकोर. यांचे ओठ हलत नव्हते, फक्त प्रत्येक टकोरीला मान जराशी लवायची. नदीला पूर आला आणि कुंभारीण डोक्यावर घट घेऊन काठाशी अडकली, त्या कथेचा हा अध्याय. तिला स्वतःला त्यात काही दिसत नव्हतं. पूर नाही, काठ नाही. बोट सरकत होतं, सांधा आपटत होता. यांची मान लवते म्हणजे खरंच ऐकतात, की नुसती खोक्याबरोबर हलते, हे तिला सांगता आलं नसतं. उद्याही हेच, परवाही हेच. कडूबाई म्हणेल, भिंतीऐवजी खोक्याला वाचायलीस. म्हणू दे.

अध्याय संपला. तिनं शेवटची टकोर दिली, पोथी कपाळाला लावली आणि फडक्याच्या गाठीला हात घातला. मुंजाजींनी हात जोडले नाहीत. तळवा खोक्यावरच होता.

तिनं त्यांच्या गुडघ्याला हात लावला. झालं, असं खुणावलं.

त्यांनी डोळे उघडून मान हलवली. "न्हाई झालं."

तिनं पान त्यांच्यापुढं धरलं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं अध्याय संपल्याची फुली होती. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

"कुंभारीण अजून अलीकडच्याच काठावर हाय," ते म्हणाले. "पाणी उतरलंय, पण तिनं पाय घातला नव्हता. तू मध्येच थांबलीस."

नर्मदाबाईनं कुंभारीण पल्याड गेल्याचं वाचलं होतं, असं तिला वाटत होतं. नक्की आठवेना. तिनं पोथी मांडीवर घेतली आणि पानं मागं उलटू लागली. पूर, मग पाणी उतरलं, आणि पुढच्या पानावर एकदम पल्याडचं गाव आणि दोन-चार ओव्यांत शेवट. मध्ये पान जाड लागलं. तिनं ते उजेडाकडं धरलं. कधीतरी निरांजनातलं तूप सांडून दोन पानं एकमेकांना चिकटली होती. तिनं ती एकच समजून उलटली होती.

मुंजाजी वाट बघत होते. त्यांना घाई नव्हती.

मग तिनं बोट ओलं केलं, पानाच्या कोपऱ्यातून अलगद फिरवत दोन्ही पानं सुटी केली आणि कुंभारीण जिथं उभी होती तिथून वाचायला लागली.